सत्तरला एक कमी

हॉस्पिटलात तिला सगळे मावशी म्हणत. तशा तिथल्या सगळ्याच आया मावशी आणि सगळेच वॉर्डबॉय मामा, पण नवजात बाळांच्या खोलीत ‘मावशी’ अशी हाक गेली की ती हिलाच असायची. डॉक्टर तिला मावशी म्हणत, बाळंतिणी म्हणत, बाळंतिणींच्या सासवा म्हणत. एक म्हातारे भूलतज्ज्ञ होते, वयाने तिचे वडील शोभतील असे, तेही न लाजता मावशीच म्हणत. तिचं खरं नाव दोनच ठिकाणी उरलं होतं, पगाराच्या कागदावर आणि परीक्षेच्या हॉलतिकिटावर.

हॉलतिकीट होतं शालान्त परीक्षेच्या गणिताचं. बाकीचे विषय तिने केव्हाच काढले होते. भाषा सुटली, इतिहास-भूगोल सुटला, विज्ञानात तर बऱ्यापैकी गुण पडले. गणित मात्र राहिलं. शाळेत असताना राहिलं, मग लग्न झालं, मुलगी झाली, नवरा मालट्रकवर लागला आणि पाहुण्यासारखा घरी येऊ लागला. गेल्या वर्षी ती पुन्हा बसली आणि पुन्हा राहिलं. ‘राहिलं’ हे म्हणायचं आपलं. राहतं गणित आणि नापास होतो माणूस.

इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. पण वरून हुकूम आला की बाळांच्या खोलीत यापुढे शालान्त पास झालेली आणि सहायिकेचं शिक्षण घेतलेलीच बाई राहील. बाकीच्यांनी तळघरात, धुलाईखात्यात जायचं. ज्यांनी हा हुकूम काढला त्यांनी आयुष्यात कधी ओलं बाळ हातात धरलं होतं की नाही, देव जाणे. हुकूम काढणाऱ्यांना ते लागत नाही.

मोठ्या सिस्टरनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “मावशी, ओढता येईल तेवढं ओढलंय मी. या वेळच्या निकालापर्यंत थांबतो म्हणालेत. त्यापुढे माझं काही चालायचं नाही.”

“आणि पास झाले तर?”

“तर पहिलं नाव तुमचं. शिकून या आणि परत इथंच. पण एवढं गणित काढा हो, मावशी.”

तळघरात तसं वाईट काही नव्हतं. पगार तोच, उलट तिथे रात्रपाळी नव्हती. मोठाली यंत्रं दिवसभर घरघरत, चादरी गरम गरम बाहेर येत आणि बायका गप्पा मारत घड्या घालत. पण तिथे बाळं नव्हती. मावशीला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, दुसरं काही करावंसंच वाटत नव्हतं. बाळाची मान तळव्यावर तोलून पहिलं कोमट पाणी अंगावर सोडलं की ते आधी दचकतं, आकांत करतं आणि मग एकदम गप्प होऊन आढ्याकडे बघत राहतं. त्या गप्प होण्यासाठी ती रोज कामावर जात असे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ऐकणाऱ्याने ‘बरं’ म्हणण्यापलीकडे काय करायचं?

योगायोग असा की त्याच वर्षी तिची लेकही शालान्त परीक्षेला बसत होती. लेक हुशार होती. कुणावर गेली कोण जाणे, बापावर नाही आणि आईवर तर नाहीच. एकच टेबल, एकच दिवा आणि दोघींची एकच परीक्षा. दुपारी आई पाळी संपवून यायची, लेक शाळेतून यायची, चहा व्हायचा आणि उजळणी सुरू व्हायची. लेक आपला अभ्यास बाजूला सारून आधी आईला शिकवायची. तिचं शिकवणंही हसतखेळत असायचं.

“क्ष म्हणजे काय, आई?”

“क्ष म्हणजे ज्याचं नाव हजेरीवर आहे पण माणूस कुठंय ते कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे असे चारपाच क्ष आहेत.”

“बरोबर! मग त्याला शोधायचं कसं?”

“बाकी सगळ्यांना एका बाजूला काढायचं. उरला तो क्ष.”

लेक टाळी द्यायची. समीकरणं आईला कळत होती. कळत नव्हतं ते एवढंच की कळूनही उत्तर का चुकतं. पायऱ्या बरोबर, सूत्र बरोबर आणि शेवटी आकडा भलताच. आडात आहे तर पोहऱ्यात का येत नाही, याने दोघींच्या नाकी नऊ आले होते. शाळेतल्या मास्तरांनी त्याचा निकाल फार पूर्वी एका अक्षरात लावला होता. ते अक्षर ‘ढ’. मावशीनेही ते मुकाट्याने मानलं होतं, कारण मास्तर हुशार होते आणि ती नव्हती.

चूक लेकीने पकडली, आणि तीही वहीत बघून नव्हे, आईच्या तोंडाकडे बघून.

“आई, तू पुटपुटतेस.”

“कुठं?”

“एका ओळीतला आकडा खालच्या ओळीत उतरवताना. हे बघ, वर पन्नास-नऊ आहे. तू मनात काय म्हणालीस?”

“एकोणसाठ.”

“आणि खाली काय लिहिलंस?”

खाली ६९ होते. मावशी त्याकडे बघतच राहिली. लेकीने मागची सगळी पानं उलटली. जिथे जिथे एकोण होतं तिथे तिथे घात झाला होता. एकोणचाळीस म्हणून ४९, एकोणऐंशी म्हणून ८९. गणित चुकलेलं नव्हतंच, आकडा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाता जाता वाटेत बदलत होता.

आता यात सगळा दोष मावशीचा म्हणावा तर तेही खरं नाही. आपले बाकीचे आकडे सरळ असतात. अठ्ठावन्न ऐकलं की पन्नाशीतला आहे हे आंधळ्यालाही कळतं. हा एकोणसाठ मात्र राहतो पन्नाशीच्या घरात आणि नाव लावतो साठीचं. लहानपणी प्रत्येकाला तो एकदा तरी फसवतो. पुढे बहुतेक जण सावध होतात आणि विसरून जातात. मावशी सावध झाली नव्हती, कारण कुणी तिला चूक काय आहे ते सांगितलंच नव्हतं, फक्त ती ढ आहे एवढंच सांगितलं होतं.

पण कामावर तिने आपल्यापुरती वाट काढलेली होती. बाळाचं वजन करताना सिस्टर आकडा सांगत आणि त्यात एकोण आलं की मावशी उलट विचारी, “साठ-नऊ ना?” सिस्टर म्हणत, “हो, साठ-नऊ.” कुणी हसलं नाही. पुढे पुढे तर तिच्याशी बोलताना सिस्टर आपणहूनच साठ-नऊ, सत्तर-नऊ म्हणू लागल्या होत्या. माणसांनी एवढंसं केलं तरी किती काम निभतं.

“एकोण म्हणजे एक कमी,” लेक म्हणाली. “एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी. घाई झाली की तेवढंच आठव. आणि त्याहून सोपं सांगू? आकडा मनात म्हणूच नकोस. नुसता बघ आणि उतरव. तोंडच बंद कर.”

“तोंड बंद आहेच की.”

“आतून बंद कर. थांब.” तिने आईच्या दातात पेन्सिल आडवी दिली. “आता पुटपुटून दाखव.”

मावशी पेन्सिल दातात धरून गणितं सोडवू लागली. तिच्या ओठांच्या कडेने लाळ गळू लागली आणि लेक हसून हसून पुस्तकावर आडवी झाली. पण आकडे जागच्या जागी राहू लागले. ५९ खाली गेला तरी ५९ च राहिला. जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या तेव्हा पहिलीत ती काठावर पास झाली, दुसरीत जरा वर आणि तिसरीत चक्क बरे म्हणावेत इतके गुण. लेकीने लाल पेनाने गुण लिहिले आणि आईच्या गळ्यात पडली.

“तू ढ नाहीसच मुळी! मास्तरच ढ होते!”

मावशीला रडू आलं. तिने ते चहाच्या वाफेवर ढकललं. दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या सिस्टरना सांगितलं, “या वेळी होईल, सिस्टर.” असं ती कधी बोलत नसे. आनंदाची गोष्ट आधीच बोलून बसू नये हे तिला ठाऊक होतं, तरी राहवलं नाही.

दोघींची केंद्रं हॉलतिकिटावर आली तेव्हा कळलं की शाळाही एक आणि हॉलही एकच. पुन्हा बसणाऱ्यांच्या रांगा मागे. मावशीला हे फार आवडलं. लेक मात्र हॉलतिकीट उलटसुलट करून बघू लागली.

मग म्हणाली, “आई, तू कामावरनं तशीच येणार का? त्या निळ्या कपड्यांत?”

“नाही, सुट्टी टाकलीय. का गं?”

“नाही, सहज. आणि मी मैत्रिणींबरोबर जाणारे हं. आमचं आधीच ठरलंय.”

“जा की,” मावशी म्हणाली. तिला किंचित लागलं. पण सोळाव्या वर्षी आपणही आपल्या आईला रस्त्यात चार पावलं मागे ठेवलं होतं, असं तिने स्वतःला समजावलं आणि भांडी घासायला घेतली.

परीक्षेचा हॉल म्हणजे शाळेची खेळायची जागा होती. छत उंच, भिंती उघड्या आणि फळा नाही. वर मोठे पंखे खडखडत होते. पुढच्या रांगांमध्ये सगळी सोळा वर्षांची मुलं-मुली आणि मागे मावशीसारखी चारदोन. लेक तिच्या पुढे तीन बाकं सोडून, जरा डावीकडे बसली होती. वेणी आणि मान दिसत होती. मावशीला बरं वाटलं. तिने पेन्सिल दातात धरली, पर्यवेक्षक बाईंनी विचित्र नजरेने बघितलं ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि पहिला प्रश्न वाचला.

तो येत होता. दुसराही येत होता. कोन आले, टक्केवारी आली आणि ती एकेक आकडा नुसता डोळ्यांनी उचलून खाली ठेवत गेली. एका प्रश्नाला तर ती मनातल्या मनात हसलीसुद्धा, कारण तसाच लेकीने तिच्याकडून नेमका करून घेतला होता. अर्धा पेपर झाला तेव्हा तिने मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा गणिताच्या पेपरात तिच्यापाशी वेळ उरत होता.

पुढे क्ष आणि य यांचा प्रश्न होता. दोन संख्यांची बेरीज आणि फरक दिलेला, संख्या काढा. हा तर तिच्या हातचा मळ. पण बेरजेच्या जागी कोरी रेघ होती, आकडा छापायचाच राहिला होता.

तेवढ्यात ऑफिसातला एक माणूस दारात येऊन उभा राहिला आणि आवाज चढवून म्हणाला, “समीकरणांच्या प्रश्नात बेरीज छापायची राहिलीय. ती एकोणसत्तर घ्या. एकोणसत्तर.” आणि पुढच्या हॉलकडे निघून गेला.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या, पेनं हलली. मावशीच्या कानावर पंख्याच्या खडखडाटातून ‘एकोण’ तेवढं धड आलं. पुढचं सत्तर होतं की साठ की ऐंशी? सत्तरच असावं. आणि सत्तर असलं तर लिहायचं काय? कागदावरचा आकडा डोळ्यांनी उचलायची तिला सवय झाली होती. हा आकडा कागदावर नव्हताच, तो कानातून आला होता आणि कानातल्या आकड्यावर पेन्सिलीचा उपाय चालत नव्हता.

तिने हात वर केला. दातातली पेन्सिल काढताना खाली पडली आणि घरंगळत गेली.

“काय आहे?” पर्यवेक्षक बाई जागेवरूनच म्हणाल्या.

बाळांच्या खोलीत रोज विचारायची तसं मावशीने विचारलं, “बाई, साठ-नऊ का सत्तर-नऊ?”

हॉलमध्ये आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग ते हसू बाकाबाकावरून पसरत गेलं. सोळाव्या वर्षी परीक्षेच्या भीतीने पोरं इतकी ताणलेली असतात की हसायला एवढंसं निमित्त पुरतं. त्यांच्या पोटात पाप नव्हतं, पण पाप नसलेलं हसूही लागायचं तिथे लागतंच.

“एकोणसत्तर म्हणजे एकोणसत्तर,” बाई म्हणाल्या. “एकोणसत्तर कळत नाही तुम्हाला? शांत बसा सगळे.”

मावशीने लेकीच्या पाठीकडे बघितलं. सगळ्या हॉलमध्ये एकट्या तिला माहीत होतं की ही बाई काय विचारतेय आणि का विचारतेय. आकडा तर सगळ्यांना सांगूनच झालेला होता, तो परत म्हणण्यात ना चोरी होती ना गुन्हा. नुसतं ‘साठ-नऊ’. तेवढंही नको, एकदा वळून बघितलं तरी चाललं असतं. वळ गं, मावशी मनात म्हणाली. नुसते ओठ हलव.

लेकीचे कान लाल झाले होते, इतके की तीन बाकं मागूनही दिसत होते. तिने मान आणखी खाली घातली आणि लिहीत राहिली.

मावशीने हात खाली घेतला. सत्तरला एक कमी, तिने स्वतःला सांगितलं. सत्तरला एक कमी म्हणजे साठ-नऊ. तिने ६९ लिहिले. ते बरोबर होतं. तिथेच थांबली असती तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं.

पण गणितात पहिलं सुचलेलं बरोबर निघालंय असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. एवढी पोरं हसली ती काय उगाच? आपल्याला वाटतं ते नेहमी उलटं असतं, मग हेही उलटंच असणार. तिने ६९ खोडून ७९ लिहिले आणि मांडणी केली. फरक एकवीस. क्ष आला पन्नास. पन्नास! इतका गोल गरगरीत आकडा चुकीचा कसा असेल? तिला हायसं वाटलं. त्या हायशा वाटण्यानेच तिचा घात केला, कारण आता तिची खात्रीच पटली की मन म्हणतं त्याच्या उलट केलं की जमतं.

उरलेल्या वेळात ती आधीच्या उत्तरांकडे वळली. पेन्सिल दुसऱ्याच्या बाकाखाली होती आणि ती मागायला तोंड उघडायची तिची आता छाती नव्हती. ओठ हलू लागले. पहिल्या प्रश्नात ३९ दिसले, तिने ते मनात म्हटले, आणि आपण काहीतरी चुकलो असं वाटून खोडून ४९ केले. त्याखालच्या ओळी मग ओघानेच बदलल्या. टक्केवारी बदलली. कोन बदलला. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज जमेना तेव्हा तिने तिसराही बदलला. घामाने कागद ओला होत होता आणि ती आपल्याच हाताने, अगदी स्वच्छ अक्षरात, एकेक बरोबर उत्तर मोडत होती. घंटा झाली तेव्हा बाईंनी कागद तिच्या हातातून ओढून घेतला.

फाटकाबाहेर पोरींचं कोंडाळं जमलं होतं. मावशीने पाण्याची बाटली आणली होती, ती लेकीला द्यावी म्हणून ती मागून चालली होती.

“समीकरणाचं काय आलं गं? पंचेचाळीस आणि चोवीस?”

“हो, पंचेचाळीस आणि चोवीस,” लेक म्हणाली.

मावशीने ते ऐकलं. पंचेचाळीस आणि चोवीस, म्हणजे साठ-नऊ. म्हणजे पहिलंच बरोबर होतं. म्हणजे मागचीही सगळीच पहिली उत्तरं बरोबर होती. ती खांबाला टेकली.

“अगं ती मागची बाई!” दुसरी एक मुलगी म्हणाली. “साठ-नऊ का सत्तर-नऊ! मला हसू आवरेचना. तुमच्याच गल्लीत राहते ना ती? मी बघितलंय तिला तुझ्या घरापाशी.”

लेकीने वेणी पुढे घेतली. मग म्हणाली, “हो. आहेत एक मावशी.”

आणि तेव्हा, का कोण जाणे, ती वळली. हॉलमध्ये वळली नव्हती ती इथे वळली आणि खांबापाशी उभ्या असलेल्या आईची आणि तिची नजरानजर झाली. लेकीचा चेहरा पांढरा पडला. मावशीने काय करावं? हाक मारावी तर पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडत होती. तिने नजर काढून घेतली आणि भिंतीवरच्या बैठकव्यवस्थेच्या कागदाकडे बघू लागली, जणू कुणीतरी परकी बाई आपला नंबर शोधतेय. पोरी पुढे निघून गेल्या. त्यांच्यात लेकही गेली.

घरी लेक अंधार पडता पडता आली. मावशी टेबलावरची जुनी कागदपत्रं आवरत होती. लेक दारातच उभी राहिली.

“आई, मी सांगू शकले असते.”

“हो.”

“नुसतं साठ-नऊ म्हणायचं होतं. मला... मला लाज वाटली.”

“माहीत आहे मला.”

“मग चीड ना माझ्यावर! ओरड ना!”

मावशीने राग शोधून बघितला. तो आला असता तर बरं झालं असतं, रागाला निदान करायला काहीतरी असतं. पण आत सगळं रिकामं होतं. पोरीने जे केलं ते सोळाव्या वर्षी कुणीही केलं असतं. आणि पोरीने नुसती मान खाली घातली होती, पेपर तर आईने स्वतःच्या हाताने खोडला होता. ज्या हातांवर सिस्टर डोळे झाकून बाळ सोपवत, त्याच हातांनी.

“पास होशील ना पण?” लेकीने विचारलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “त्या एका प्रश्नाने काय होतंय? बाकीचं तर सगळं येत होतं तुला. आई? होशील ना?”

मुलीशी आजवर ती अशा वेळी खोटं बोलत आली होती. डॉक्टर सुई टोचणार नाहीत, बाबा उद्या येतील, असलं. आज तिला खोटं सुचेना.

“नाही गं,” ती म्हणाली. “सगळं बरोबर आलं होतं. मी बसून खोडलं.”

लेक भिंतीला टेकून खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागली. मावशी तिच्याशेजारी बसली. पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं आणि तिने ठेवलाही, पण त्या हातात कालपर्यंत होतं ते काही नव्हतं हे दोघींनाही कळलं. बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं, “पुढचा पेपर कसला?”

“विज्ञान.”

“मग ऊठ. तोंड धू. बस अभ्यासाला.”

सकाळी बाळांच्या खोलीत मोठ्या सिस्टर तिची वाटच बघत होत्या. “काय मावशी, कसा गेला पेपर?”

“गेला, सिस्टर.”

सिस्टर हसायच्या बेतात होत्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू तिथेच राहिलं. ‘कसा गेला’ याला कुणी नुसतं ‘गेला’ म्हणत नाही, निदान परीक्षेबद्दल तरी नाही.

“असं काय म्हणता? निकाल लागू दे तरी,” त्या म्हणाल्या. “अजून वेळ आहे.”

“निकालासाठी थांबू नका. त्या हुकमाप्रमाणे घेतलेली नवी मुलगी खाली बसून आहे ना? तिला आजच वर बोलवा. मी इथं आहे तोवर तिच्या हाताला सवय होईल. नाहीतर मी गेल्यावर एकदम करायला गेली, तर बाळांचे हाल होतील.”

सिस्टरनी खाली निरोप पाठवला. नवी मुलगी आली. कोवळी होती, घाबरलेली होती आणि तिच्या खिशाला नवंकोरं ओळखपत्र लटकत होतं. मावशीने कोपर बुडवून पाणी पाहिलं, पहाटे जन्मलेलं एक बाळ उचललं आणि त्याची मान आपल्या तळव्यावर घेतली.

“अशी. घट्ट नाही आणि सैलही नाही. घे.”

मुलीने दोन्ही हात पुढे केले. मावशीने बाळ त्या हातांवर ठेवलं आणि हळूच आपले हात खालून काढून घेतले. पाणी अंगावर पडताच बाळ दचकलं, आकांत केला आणि मग गप्प होऊन आढ्याकडे बघत राहिलं. मुलीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. “झालं! गप्प झालं!” ती म्हणाली आणि कौतुकासाठी तिने मावशीकडे वळून बघितलं. मावशी तिथेच होती, पण तिचे दोन्ही हात अजून तसेच पुढे, हवेत, काहीतरी तोलून धरल्यासारखे उभे होते, आणि ते खाली घ्यायचं तिच्या लक्षातच येत नव्हतं.